तेलातले लोखंडी कण पकडणारे चुंबकीय सेन्सर: कोणता निवडावा, कुठे बसवावा, इशारा आला की काय करावे

प्रश्न थोडक्यात असा: गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक यंत्रणेच्या तेलात झिजेचे लोखंडी कण वेळेत ओळखायचे आहेत. आज साधा चुंबकीय ड्रेन प्लग आहे आणि तेलाचा नमुना अधूनमधून प्रयोगशाळेत जातो. त्याशिवाय सेन्सर लावावा का, कोणता, कुठे, आणि त्याने इशारा दिला की यंत्र लगेच थांबवायचे का?

सेन्सर जरूर लावा. पण मॉडेलची निवड ही शेवटची पायरी आहे. आधी हे ठरवा की ज्या बेअरिंगची किंवा दात्याची काळजी आहे, तिथून सुटलेला कण सेन्सरपर्यंत कोणत्या वाटेने येणार. वाटेत तो कुठे बुडाशी बसेल, कुठे पंपात भरडला जाईल, कुठे फिल्टरमध्ये अडकेल? सेन्सरला फक्त त्याच्यापर्यंत पोहोचलेला कण दिसतो. सेन्सर लावूनही बिघाड आधी कळला नाही, अशा बहुतेक ठिकाणी सेन्सर ठीक असतो आणि जागा चुकलेली असते.

प्रयोगशाळेचा अहवाल पुरेसा का नाही, ते आधी पाहू. तेलातल्या धातूंचे प्रमाण सांगणाऱ्या नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरला साधारण 5 ते 8 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण नीट मोजता येत नाहीत. रोजच्या घासण्यातून सुटणारी झीज बहुतेक 15 मायक्रॉनच्या आतली असते, म्हणून संथ झीज त्या अहवालात बऱ्याच अंशी दिसते. बेअरिंगच्या धावपट्टीवर थकव्याने खड्डा पडतो तेव्हा मात्र 100 मायक्रॉनपासून एक मिलिमीटरपर्यंतचे पोपडे सुटतात आणि अहवालात लोखंडाचा आकडा जवळपास जागचा हलत नाही. तेलाच्या स्वच्छतेचा आयएसओ 4406 हा कोडही 4, 6 आणि 14 मायक्रॉनच्या वरचे कण मोजतो. कण धातूचा आहे की धुळीचा, हे तो सांगत नाही. मोठ्या लोखंडी कणांची जागा रिकामी राहते, आणि चुंबकीय सेन्सर तीच भरून काढतो.

त्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिला चिप डिटेक्टर: चुंबकाच्या टोकाशी दोन विद्युत टोके आणि त्यांच्यात साधारण दोन-तीन मिलिमीटरची फट. कण चुंबकीय रेषांवर एकामागोमाग चिकटून साखळी करतात, फट भरली की सर्किट पूर्ण होते आणि दिवा लागतो. इथे हिशेब समजून घ्या. दोन मिलिमीटरची फट 100 मायक्रॉनच्या एका कणाने भरत नाही, असे किमान वीस कण ओळीत लागतात. तोच दोन-अडीच मिलिमीटरचा एक तुकडा आला तर एकटाच पुरतो. म्हणजे या सेन्सरची संवेदनशीलता त्याच्या फटीत ठरलेली असते आणि नंतर कंट्रोलरमधून ती बदलता येत नाही.

याच प्रकारात बारीक बुरा जाळण्याची सोय असलेले सेन्सर मिळतात. फटीत केसासारख्या बुऱ्याने पूल बांधला की कपॅसिटरमधून विजेचा एक झटका सोडतात. बुरा जळून तुटतो आणि दिवा विझतो. दिवा लगेच पुन्हा लागला तर फटीत बुऱ्यापेक्षा जाड काहीतरी आहे. ही सोय असेल तर प्रत्येक झटक्याची वेळ यंत्राच्या तासांसह नोंदवा. दोन झटक्यांमधले अंतर 50 तासांवरून 20 वर आणि तिथून 8 वर आले, तर दिवा दरवेळी विझत असला तरी झीज वाढते आहे. अनेक जण झटका देऊन मोकळे होतात आणि ही फुकट मिळणारी माहिती वाया घालवतात. ज्वालाग्राही वाफ जमू शकते तिथे मात्र हा प्रकार लावू नका.

दुसरा प्रकार कण साठवून मोजणारा. चुंबक लोखंडी चुरा आपल्या तोंडावर ओढून धरतो, आतली कॉइल साठलेल्या चुऱ्यामुळे बदललेले चुंबकीय क्षेत्र मोजते आणि 0 ते 100 टक्के असे वाचन देते, बहुधा 4 ते 20 मिलिअँपिअरच्या विद्युत संकेतावर किंवा कॅन बस या डिजिटल संदेशवाहिनीवर. 12 मिलिअँपिअर म्हणजे पन्नास टक्के. मध्यम गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकच्या टाकीसाठी बहुतेकांना हाच परवडतो आणि पुरतो. यात वाचनाच्या आकड्यापेक्षा तो चढण्याचा वेग महत्त्वाचा. वर्षभर चालून साठ टक्क्यांवर आलेला सेन्सर फक्त साफ करायचा असतो. आठवड्यात दहावरून तीस टक्क्यांवर गेलेला सेन्सर उघडून पाहायचा असतो. वाचन अचानक खाली आले तर निश्चिंत होऊ नका. जोरदार प्रवाहाने चुरा धुऊन नेला असेल, किंवा तापमानामुळे कॉइलचे वाचन सरकले असेल. म्हणून वाचनाशेजारी तेलाचे तापमान नोंदवणे गरजेचे आहे.

तिसरा प्रकार पाइपमध्ये बसणारा. पूर्ण प्रवाह त्याच्या नळीतून जातो. नळीभोवती तीन कॉइल असतात: बाहेरच्या दोन एकमेकींविरुद्ध चालतात, मधली कॉइल तोल ढळला की संकेत देते. लोखंडी कण क्षेत्र वाढवतो. तांबे, पितळ, ॲल्युमिनियमसारखा बिनचुंबकी पण वीजवाहक कण आपल्यात फिरणाऱ्या प्रवाहाने क्षेत्र कमी करतो. त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखता येतात आणि प्रत्येक कणाची नोंद आकारासह होते. संकेत कणाच्या घनफळावर चालतो, म्हणून व्यास निम्मा झाला की संकेत आठपट कमी होतो. नळी रुंद घेतली की सर्वांत लहान दिसणारा कण आपोआप मोठा होतो, आणि बिनचुंबकी कण दिसायला लोखंडीपेक्षा बराच मोठा असावा लागतो. पाइप एक इंची आहे म्हणून सेन्सरही एक इंची, असे करू नका. प्रवाहाचा वेग मोजा. मिनिटाला 60 लिटर आणि 25 मिलिमीटर व्यास असेल तर वेग सेकंदाला सुमारे 2 मीटर येतो. तो आणि थंड तेलाचा दाबऱ्हास उत्पादकाच्या मर्यादेत बसत असेल, तर अरुंद नळी घेतलेली चांगली.

आता जागा. कणावर चुंबकाची ओढ त्याच्या व्यासाच्या घनाने वाढते आणि तेलाचा विरोध फक्त व्यासाच्या प्रमाणात, म्हणून चुंबकाकडे सरकण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर जातो. 200 मायक्रॉनचा कण 50 मायक्रॉनच्या कणापेक्षा सोळापट वेगाने ओढला जातो. शिवाय चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने घटतो, आणि दाट तेल कणाला धरून ठेवते. व्हीजी 320 या दाटपणाच्या श्रेणीचे तेल 40 अंश सेल्सिअसला 320 सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) असते, 20 अंशांना हजाराच्या पुढे जाते. म्हणून गिअरबॉक्स थंड असताना साठवणाऱ्या सेन्सरचे वाचन गृहीत धरू नका, तेल नेहमीच्या तापमानाला आल्यावर घ्या.

तेल उडवून वंगण होणाऱ्या गिअरबॉक्समध्ये सेन्सर अगदी तळाच्या खोबणीत उभा घालण्यापेक्षा तळाच्या किंचित वर, बाजूच्या भिंतीत आडवा घाला. तळाशी गाळ आणि पाणी साचते, सेन्सर त्यात गाडला जातो आणि नवे कण त्याच्यावरून वाहून जातात. सेन्सरचे तोंड भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापासून 5 ते 10 मिलिमीटर पुढे आलेले हवे. बिडाच्या भिंतीत चुंबक मागे राहिला तर त्याच्या बऱ्याचशा रेषा भिंतीतूनच परत जातात आणि तेलापर्यंत फार थोडा जोर उरतो. ही चूक इतकी सर्रास होते की बसवण्याआधी भिंतीची जाडी कॅलिपरने मोजावीच.

फिरत्या तेलाच्या यंत्रणेत सेन्सर परतीच्या ओळीत, फिल्टरच्या आधी लावा. फिल्टरनंतर लावलेला सेन्सर फक्त फिल्टर फाटला की बोलतो. पंपानंतरच्या दाबाच्या ओळीत लावला तर गिअर पंपाने भरडलेले कण आणि पंपाची स्वतःची झीज दोन्ही मिसळून येतात, मूळ कुठले ते कळत नाही. पंपाच्या शोषण ओळीत अडथळा वाढला की पंपात हवेचे बुडबुडे फुटू लागतात, तिथे अरुंद नळीचा सेन्सर नको. आडव्या पाइपवर चुंबकीय सेन्सर खालच्या बाजूने किंवा वळणाच्या बाहेरच्या कडेला बसवा, कारण जड कण तिकडेच जातात. टाकीला जोडलेल्या वेगळ्या फिल्टर लूपवर लावणे सोपे असते, पण मोठे कण टाकीत आधीच बसलेले असतात. तिथले वाचन उशिरा आणि कमी येणार हे धरून चाला.

हायड्रॉलिक पिस्टन पंपासाठी सर्वोत्तम जागा केस ड्रेन, म्हणजे पंपाच्या पोटातून टाकीकडे जाणारी गळतीची ओळ. पंपाच्या बेअरिंगची आणि आतल्या फिरत्या भागांची झीज आधी तिथे येते. दोन गोष्टी सांभाळा. सेन्सरच्या अडथळ्याने पोटातला दाब पंप उत्पादकाच्या मर्यादेच्या वर गेला तर शाफ्टचे सील जाते. आणि पिस्टनच्या टोकाला बसणाऱ्या सरकत्या बुटांचे तोंड बहुधा पितळ किंवा कांस्याचे असते, त्याची झीज चुंबकाला दिसत नाही. त्यासाठी तीन कॉइलचा सेन्सर किंवा प्रयोगशाळेतले तांब्याचे आकडे लागतात.

चुंबकाला काय दिसत नाही याची यादी नेमकी लक्षात ठेवा: पितळ, कांस्य, ॲल्युमिनियम, बॅबिट (बेअरिंगच्या अस्तराचा मऊ मिश्रधातू), 304 आणि 316 सारखे ऑस्टेनायटिक, म्हणजे बिनचुंबकी जातीचे स्टेनलेस स्टील. संकरित बेअरिंगमधले (पोलादी धावपट्ट्या आणि सिरॅमिकचे गोळे असलेले) सिलिकॉन नायट्राइडचे गोळे तर चुंबकीयही नाहीत आणि वीजवाहकही नाहीत, म्हणजे ते तीन कॉइलच्या सेन्सरलाही दिसत नाहीत. उलट तेलात पाणी असेल तर गंजातला काळा मॅग्नेटाइट जोरात चिकटतो आणि झीज नसतानाही वाचन चढवतो.

सेन्सरच्या वाटेत दुसरा चुंबक ठेवू नका. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण त्याची किंमत मोठी असू शकते. 1 एप्रिल 2009 रोजी स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ समुद्रात एएस332 एल2 सुपर प्यूमा हेलिकॉप्टर कोसळले आणि त्यातले सर्व 16 जण मृत्युमुखी पडले. मुख्य गिअरबॉक्सच्या दुसऱ्या टप्प्यातला प्लॅनेट गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारा गिअर) थकव्याने फुटला होता. अपघाताच्या 36 उड्डाणतास आधी चिप डिटेक्टरवर धातूचा एक कण सापडला होता, पण पुढे येणारा बिघाड त्यावरून ओळखला गेला नाही. तपासात असेही निघाले की गिअरबॉक्समधल्या विभाजक पट्ट्यांवरच्या चुंबकांमुळे कण खालच्या डिटेक्टरपर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी होत होती. आपल्या गिअरबॉक्समध्ये कोणी ‘जास्तीची काळजी’ म्हणून चुंबक टाकले असतील, तर ते काढा किंवा त्यांची तपासणीही वेळापत्रकात घ्या. चुंबकित झालेले गिअर आणि बेअरिंगही हेच करतात. तडे शोधण्यासाठी चुंबकीय कण पद्धतीने तपासलेला भाग चुंबकत्व उतरवूनच परत बसवावा, आणि वेल्डिंगचा अर्थिंगचा प्रवाह बेअरिंगमधून जाऊ देऊ नये.

तसाच दुसरा धडा 29 एप्रिल 2016 च्या नॉर्वेतल्या तुरॉय अपघाताचा. ईसी225 हेलिकॉप्टरमध्ये पुन्हा दुसऱ्या टप्प्यातला प्लॅनेट गिअर फुटला, 13 जण गेले आणि चिप डिटेक्टरने आधी इशारा दिला नव्हता. तडा पृष्ठभागाखाली वाढत गेला, पोपडे फार थोडे सुटले. कण सुटलेच नाहीत तर कोणताही कण-सेन्सर काही दाखवू शकत नाही. म्हणून जिथे एक भाग फुटल्याने माणसे दगावू शकतात, तिथे कंपनमापन आणि ठरलेल्या तासांना भाग बदलणे हे कण-सेन्सरच्या जोडीला हवेच.

इशाऱ्याची पातळी कशी ठरवायची? दोन बाजूंनी. एक, आपल्याच यंत्राचा पाया. तेल बदलून, फिल्टर नवा घालून, नेहमीच्या भारावर काही आठवडे चालवा आणि दर तासाची कणवाढ नोंदवा. सरासरी अधिक तीन प्रमाण विचलने (आकडे सरासरीपासून किती पसरतात त्याचे माप) ही पहिली पातळी ठीक. नव्या किंवा ओव्हरहॉल केलेल्या गिअरबॉक्सचे पहिले तास यात धरू नका. मशिनिंगचा उरलेला कीस आणि दातांचे जुळणे यामुळे आकडा आधी उंच असतो आणि मग उतरतो. उतरला नाही, तर तोच इशारा.

दुसरी बाजू, बेअरिंगमधून किती धातू जायला चालेल याचा हिशेब. धावपट्टीवर 2 गुणिले 3 मिलिमीटरचा आणि 0.2 मिलिमीटर खोल खड्डा म्हणजे 1.2 घन मिलिमीटर, सुमारे 9.4 मिलिग्रॅम पोलाद. तेवढा धातू 100 मायक्रॉनच्या गोल कणांत सुटला तर साधारण 2300 कण होतात, 200 मायक्रॉनच्या कणांत सुटला तर 290 च्या आसपास. म्हणून मर्यादा कणांच्या संख्येवर ठेवण्यापेक्षा एकूण वस्तुमानावर ठेवा, आणि सेन्सर सगळे कण पकडत नाही याची सूट द्या. पाइपमधल्या सेन्सरच्या पुढे चांगला फिल्टर नसेल तर तोच कण फिरून फिरून मोजला जातो आणि वस्तुमानाचा आकडा फुगतो.

बसवताना होणाऱ्या चुका बहुतेक साध्या असतात. एकाच वायरचा चिप डिटेक्टर परतीचा मार्ग आटे आणि बॉडीतून घेतो. त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळली की सर्किट तुटू शकते आणि सेन्सर कायमचा मुका होतो. तिथे तांब्याचा वॉशर किंवा ओ-रिंग वापरा. ओ-रिंगचे रबर द्रवाला चालणारे घ्या: खनिज तेलाला नायट्राइल, जास्त तापमानाला व्हिटॉन, फॉस्फेट एस्टर या आग-प्रतिरोधक द्रवाला ईपीडीएम. ईपीडीएम खनिज तेलात फुगते, त्यामुळे सुटे साठवताना पाकिटे मिसळू देऊ नका. चुंबकाची जात विचारून घ्या. साधे निओडायमियम 80 अंशांच्या वर कायमचा जोर गमावू लागते, म्हणून गरम गिअरबॉक्सला समेरियम-कोबाल्ट किंवा उच्च तापमानाचे निओडायमियम हवे. वॉटर-ग्लायकॉल द्रव वीज वाहतो, त्यात उघड्या टोकांचा चिप डिटेक्टर खोटे इशारे देतो. तिथे बंद तोंडाचा कॉइलवाला घ्या.

वायर शिल्ड असलेली घ्या, शिल्ड एकाच टोकाला अर्थिंगला जोडा आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) मोटर केबलपासून किमान 30 सेंटिमीटर दूर न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. दिव्याचा सेन्सर, म्हणजे चिप डिटेक्टर असेल तर फटीला समांतर एक रोधक सेन्सरच्या अगदी जवळ बसवा. मग वायर तुटली, सर्किट ठीक आहे आणि कण आला, या तिन्ही स्थिती कंट्रोलरला वेगळ्या दिसतात. हा रोधक नसेल तर तुटलेली वायर आणि निरोगी गिअरबॉक्स सारखेच दिसतात.

इशारा आला की पहिले काम सेन्सर काढून पाहणे, साफ करून परत घालणे नव्हे. यंत्र थांबवा, दाब शून्य करा, आपोआप बंद होणारी झडप असेल तर तेल न काढता सेन्सर बाहेर येतो. चुंबकावरचा सगळा माल स्वच्छ सॉल्व्हंटने पांढऱ्या बशीत धुऊन घ्या, ते गाळण-कागदातून गाळा आणि दहापट भिंगाखाली पाहा. पेस्टसारखा काळसर बुरा ही साधी झीज. चपटे चमकदार पोपडे, एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खडबडीत, हे बेअरिंग किंवा दाताच्या थकव्याचे. वळलेला लांब कीस मशिनिंगचा किंवा कठीण कण घासल्याचा. निळसर-पिवळट रंगाचे कण म्हणजे वंगण तुटून उष्णता झालेली. घडीव कड किंवा दाताचा आकार दिसणारा तुकडा सापडला तर यंत्र चालूच करू नका. पोपडे असतील तर भार कमी करून, दर काही तासांनी पुन्हा तपासून चालवता येईल का, हे त्या भागाच्या उत्पादकाच्या मर्यादेवर ठरवा. बुरा असेल तर साफ करा, नोंद करा आणि पुढच्या तपासणीपर्यंतचा काळ निम्मा करा. कण पारदर्शक चिकटपट्टीखाली कार्डावर लावून त्यावर यंत्राचे तास, तेलाचे तापमान आणि जागा लिहा. पुढच्या वेळी तुलनेला तेच कार्ड लागते, आणि संशय असला तर धातू ओळखायला प्रयोगशाळेत तोच नमुना जातो.

महिन्यातून एकदा सेन्सर जिवंत आहे का ते पाहा. चिप डिटेक्टर बाहेर काढून फट स्वच्छ स्क्रूड्रायव्हरने जोडा, दिवा कंट्रोल रूममध्ये लागला पाहिजे. बुरा जाळणारा प्रकार असेल तर आधी झटक्याचे सर्किट बंद करा. साठवणाऱ्या सेन्सरवर वजन केलेला थोडा लोखंडी चुरा ठेवून वाचन मागच्या वेळेइतके चढते का ते नोंदवा. पाइपमधल्या सेन्सरसाठी नायलॉनच्या दोऱ्याला चिकटवलेली 250 मायक्रॉनची पोलादी गोळी रिकाम्या नळीतून नेहमीच्या वेगाने ओढा. तिचे वस्तुमान सुमारे 64 मायक्रोग्रॅम असते. सेन्सरने ती मोजली नाही, किंवा जवळचा पंप चालू असताना गोळी नसतानाही मोजली, तर आधी वायर आणि कनेक्टरमधला ओलावा तपासा.